मंगलची तिथी

॥ श्री ॥

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५

ज्या कृष्णामाईच्या पाण्यात साठ वर्षे हात बुडवून मी परक्यांचे संकल्प सोडले, तिची कृपा आज या हातावर असो; म्हणजे तो कापला तरी वाकडे लिहिणार नाही.

चि. ऋजुता हिस अनेक आशीर्वाद.

नऊ महिन्यांनी माझे अक्षर पाहून तुला नवल वाटेल. फोन करावा, असे तुझी आई रोज सांगते. परंतु तुझा आवाज कानी पडला की माझे वाक्य अर्ध्यावर मोडते, आणि हल्ली फोनवर आपल्याखेरीज आणखी कोणी असते की काय, अशीही शंका येते. म्हणून पाकीट.

येथील सर्व क्षेम आहे. आईच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू पिकला आहे. मिरजेच्या इस्पितळाने याच मार्गशीर्षातील तारीख दिली आहे.

परवाच्या वर्तमानपत्रात साताऱ्याच्या चौकशीची सूचना वाचली. मंगल नावाच्या कंत्राटी टंकलेखिकेच्या गतवर्षीच्या मृत्यूबाबत ज्यांना काही ठाऊक असेल, त्यांनी ११ डिसेंबरपर्यंत समक्ष येऊन सांगावे, असे तीत छापले आहे. ही चार ओळींची सूचना निघावी म्हणून मंगलच्या आईबापांची वकील या नात्याने तू वर्षभर किती उंबरे झिजवलेस, हे मी दुरून पाहत होतो. विश्रामगृहाच्या नोंदवहीची प्रत तू माहितीच्या अधिकारात मागितलीस, तेव्हा नोंदवही अतिवृष्टीत भिजून नष्ट झाली, असे उत्तर आले. ते विश्रामगृह धरणावरच्या टेकडीवर आहे. तेथवर पाणी चढायचे तर आधी सारा तालुका बुडायला हवा, असे तुझी आई म्हणाली. हजेरीपटाची प्रत मात्र त्यांनी तत्परतेने दिली. तीत मंगळवारपर्यंत मंगलच्या सह्या आहेत, आणि गुरुवारी तिचे शव कालव्यात सापडले. रविवारी वीरधवलदादांचे कागद टंकित करण्यासाठी आपल्याला विश्रामगृहावर बोलावले आहे, असे ती आपल्या आईस फोनवर सांगून गेली होती; पण मंगळवारी जी कचेरीत सही करते तिला रविवारी काय झाले असणार? सरकारी कागद असा विचारतो, आणि मग त्या टेकडीवर दादा होते की नव्हते, हा प्रश्नच उरत नाही. ज्यांच्या शब्दावर कारखाना, शाळा आणि दूधसंघ चालतो, त्यांना प्रश्न विचारायची पाळीच येऊ नये, अशी ही रचना आहे.

आता एक गोष्ट विचारतो. माझ्या एका स्नेह्यासाठी विचारतो आहे. यजमानाने विधीच्या वेळी पुरोहितास जे सांगितले, ते पुरोहिताने चौकशीत सांगावे काय? कायद्यात त्या शब्दाला काही संरक्षण आहे काय? आणि सांगणाऱ्याला काही संरक्षण आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी लिही.

येत्या पंधरवड्यातील श्राद्धतिथींची कार्डे नेहमीप्रमाणे यजमानांना लिहून टाकली. चाळीस झाली. त्यांतील एक बहुधा लिहायला नको होते.

उत्तर पाकिटात घाल. कार्डावर नको.

तुझा बाबा

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, सोमवार, १ डिसेंबर २०२५

चि. ऋजुता हिस आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. दोनच ओळी. "स्नेह्याला सांगा, कायद्याची आडकाठी नाही. आणि स्नेह्याचे नाव मला ठाऊक आहे." आईने ते माझ्या हातातून घेऊन भिंगाखाली वाचले आणि म्हणाली, "पोरगी तुमच्यासारखीच बोलते, फक्त खरं बोलते."

माघात तू दारात उभी राहून मला विचारले होतेस, "बाबा, वीरधवलदादांनी तुमच्याकडून काही विधी करून घेतला का?" मी नाही म्हणालो. दोरीवर त्यांनी दिलेली शाल वाळत होती. तू शालीकडे पाहिलेस, माझ्याकडे पाहिलेस, आणि पाणीही न पिता गेलीस. तो माझ्या आयुष्यातील पहिला असत्य उच्चार होता, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तेही असत्य ठरेल.

विधी झाला होता. एवढेच आज लिहवते.

आता त्या कार्डाविषयी. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. ज्याचे श्राद्ध किंवा शांती मी केली, त्याला पुढल्या वर्षी तिथीच्या आधी पंधरा दिवस कार्ड जाते, कारण लोक तारीख लक्षात ठेवतात आणि तिथी विसरतात. माझ्या लाल फडक्यातील वहीत ओळीने नावे आहेत. वही समोर ठेवायची, हात लिहीत जातो. गेल्या मंगळवारी हात लिहीत गेला आणि सदतिसावे कार्ड असे झाले: "श्री. वीरधवलदादा यांस. कै. मंगल हिची प्रथम वर्षतिथी मार्गशीर्ष वद्य अष्टमी, गुरुवार ११ डिसेंबर. सामग्रीची तयारी ठेवावी." नानासो पोस्टमन सायकल टेकवून उभाच होता. गठ्ठा त्याच्या पिशवीत गेल्यावर मी काय लिहिले ते माझ्या ध्यानी आले. मी हाक मारू शकलो असतो. मारली नाही. का मारली नाही, ते मलाही सांगता येत नाही.

काल दुपारी लालासाहेब आला. दादांची गाडी, फोन आणि भेटीगाठी तोच सांभाळतो. चपला बाहेर काढून, नीट नमस्कार करून ओसरीवर बसला.

"शास्त्रीबुवा, तुमचं कार्ड पोचलं बरं का."

"बरे झाले."

"घरात चौघांनी वाचलं. सूनबाईंनी वाचलं, सैपाकाच्या बाईनं वाचलं. मंगल कोन, म्हून लेकानं जेवताना इचारलं. दादांनी ताट सारलं. कार्डच ते, त्याला झाकन कुठलं?"

"दरवर्षी सर्वांना पाठवतो. रीत आहे."

"रीत लय चांगली हाय. पर मानूस बघून पाळावी." मग त्याने पाणी मागितले, प्यायला, आणि भांडे उपडे ठेवले. "आईसाहेबांचा डोळा मिरजेला हाय म्हनं? गाडी पाठवतो. रस्ता लय वंगाळ हाय."

आतून तुझी आई म्हणाली, "आम्ही एस.टी.ने जाऊ. एस.टी.त पन्नास माणसं साक्षीला असतात."

लालासाहेब हसला. खरोखर हसला, मला ते अधिक भयंकर वाटले. जाताना पायरीवर थांबून म्हणाला, "आनि आवं, ताईंना सांगा. सांगली-मिरज रोडला ट्रकं फार. ताई रोज सव्वाधाला स्कूटीवर जात्यात, हेल्मेट घालत न्हाईत. तुमी वडील, तुमी सांगायला पायजे."

ऋजुता, तू हेल्मेट घालतेस की नाही?

आज सकाळी आचमन करताना विष्णूच्या चोवीस नावांपैकी सतरावे आठवेना. सहाव्या वर्षी मुंज झाल्यापासून असे कधी झाले नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हटली, पुन्हा सोळाव्यावर थांबलो. पाणी तळहातावर तसेच राहिले आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले.

तुझा बाबा

मार्गशीर्ष पौर्णिमा, गुरुवार, ४ डिसेंबर २०२५

चि. ऋजुता हिस आशीर्वाद.

आज सर्व लिहितो. लिहून झाल्यावर मी काय करणार तेही लिहितो, आणि ते तुला आवडणार नाही.

गेल्या पौष शुद्ध एकादशीस सकाळी दादा संगमावर आले. सोबत फक्त लालासाहेब. एरवी दादांच्या मागेपुढे पाच गाड्या असतात. त्या दिवशी एकच होती आणि तीही वडाआड उभी केली होती. तीन आठवडे डोळा लागला नाही, असे म्हणाले. नातीला ताप, दारची म्हैस मेलेली, आणि जेवायला बसले की पाठीमागे कोणी ओले कपडे पिळते आहे, असे ऐकू येते. कोणा जाणत्याने त्यांना सांगितले होते, अपमृत्यू मागे लागला आहे, नारायणबळी करा.

संकल्प म्हणजे काय, हे तू ओसरीवर बसून शेकडो वेळा ऐकले आहेस. कोण, कोठे, कोणत्या दिवशी, कोणासाठी. पाणी सोडण्यापूर्वी या चार गोष्टी खऱ्या सांगाव्या लागतात. तू सरकारकडे हेच चार प्रश्न वर्षभर विचारते आहेस, हे मला फार उशिरा सुचले.

दादांनी स्वतःचे नाव सांगितले, गोत्र सांगितले. मी विचारले, "प्रेताचे नाव?"

लालासाहेब म्हणाला, "बुवा, अज्ञात म्हनलं तर चालतंय का?"

मी म्हणालो, "चालते. मात्र पिंडही अज्ञाताकडे जाईल. मागे जे आहे ते मागेच राहील." मी हे धमकी म्हणून बोललो नाही. शास्त्र तसे आहे, म्हणून बोललो.

दादांनी पाण्याकडे पाहिले. मग हळू म्हणाले, "मंगल."

"गोत्र?"

"आमाला काय म्हाईत."

"ठाऊक नसल्यास काश्यप लावतात."

"लावा."

"मृत्यूची तिथी?"

लालासाहेब लगेच म्हणाला, "एकादशी. सव्वीस डिसेंबर. पेपरात हाय."

मी वहीत 'ए' काढला. तेवढ्यात दादांनी माझा लेखणीचा हात धरला. त्यांची बोटे बर्फासारखी गार होती. "न्हाई," म्हणाले. "खोटी तिथी घातली तर ती जाईल का?"

"नाही."

"मग अष्टमी लिवा. रविवार. सांजचं. दिवं लागायच्या टायमाला."

लालासाहेब पुटपुटला, "दादा..."

"तू गप रं," दादा म्हणाले. "कागद तू संबाळ. हितं माझा जीव चाललाय."

मी 'ए' खोडला आणि अष्टमी लिहिले. ते खोडलेले अक्षर अजून वहीत आहे.

सर्व कागद ज्यांनी पुसले, त्यांनी एका भटाच्या वहीत नाव, तिथी, वार आणि वेळ स्वतःच्या तोंडाने उतरवून दिली. त्यांना चौकशी अधिकाऱ्याचे भय नव्हते, माहिती आयोगाचे नव्हते, वर्तमानपत्रांचे तर मुळीच नव्हते. चुकीच्या तिथीचे होते. आणि मी, ज्याला तिथीचा अर्थ कळतो, ती वही फडक्यात बांधून देवघरात ठेवली आणि वर्षभर तिच्यापुढे निरांजन ओवाळले.

तिचे काय झाले, कसे झाले, दादांचा हात होता की विश्रामगृहावर आलेल्या त्यांच्या कोणा पाहुण्याचा, हे मला ठाऊक नाही. मी विचारले नाही. पुरोहिताने तेवढेच विचारावे जेवढे संकल्पाला लागते, अशी माझी समजूत होती. तिच्या आड मी सुखाने बसलो होतो. मला इतकेच ठाऊक आहे: ती रविवारी गेली, आणि ती रविवारी गेली हे त्यांना ठाऊक होते. सोमवारच्या आणि मंगळवारच्या सह्या मेलेल्या बाईच्या आहेत.

आता मी काय करणार ते. मी साताऱ्यास जाणार नाही. माझे वय एक्याऐंशी. तुझ्या आईला एका डोळ्याने दिसत नाही. आणि तू सव्वादहाला त्या रस्त्यावर असतेस. प्रवचनात मी चाळीस वर्षे लोकांना सांगत आलो की देह हे वस्त्र आहे, त्याचे भय धरू नये. स्वतःच्या देहाविषयी ते आजही सांगू शकेन. तुझ्या देहाविषयी माझ्या तोंडून ते वाक्य निघत नाही.

वही मात्र तुला पाठवतो. सोमवारी नानासोकडे नोंदणी करून देईन. पुढे तू जाणे.

सतरावे नाव आठवले. उपयोग नाही, आता एकविसावे जाते.

तुझा बाबा

मार्गशीर्ष वद्य पंचमी, मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. ऋजुता हिस आशीर्वाद.

वही येणार नाही. तिची वाट पाहू नकोस.

रविवारी दुपारी लालासाहेब पुन्हा आला. या वेळी बसला नाही. "बुवा, ती लाल फडक्यातली वही दादांनी बघायला मागिटलीय. बघून माघारी देतो." मला नाही म्हणता आले असते. तुझी आई शेजारी गेली होती, म्हणजे घरात मला लाज वाटावी असेही कोणी नव्हते. मी देवघरात गेलो, वही उचलली, सवयीने कपाळाला लावली, आणि त्याच्या हातात दिली. त्याने मागितली आणि मी दिली. यात बळजबरी कोठेही झाली नाही, हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

वही काखेत घालून तो म्हणाला, "तुमचं पाठांतर लय दांडगं हाय म्हनत्यात."

"होते."

"मग तेबी इसरा."

तुझी आई परत आली, रिकामा कोनाडा पाहिला. मग म्हणाली, "वही नेली. तोंड नेलं नाही ना?"

आणि काल त्या तोंडाने मी काय केले, ते सांगतो.

काल सकाळी दोन माणसे दारी आली. पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातली, एकामागोमाग एक चालणारी धनगर माणसे असतात तशी. पुढे म्हातारी, डोक्यावर घोंगडीची घडी. मागे तिचा नवरा सिद्धू, त्याच्या हातात भंडाऱ्याची पुडी. म्हातारी म्हणाली, "आवं महाराज, मी रंगुबाई. मंगलची आई."

मी खांब धरला.

"तुमच्या ऋजुताताईंनी तुमचं नाव कवा सांगिटलं न्हाई," ती म्हणाली. "पर संगमावर इचारलं तवा लोकं म्हनली, तिथीचं शास्त्रीबुवांना इचारा, त्यांचं चुकत न्हाई. लेकीचं वरीस आलंय. पानी द्यायचंय. पोलिसाच्या कागदावर सव्वीस तारीख हाय, कुनी एकादशी म्हनतंय. माजा त्या कागदावर इस्वास न्हाई. रविवारपास्नं तिचा फोन लागंना. तुमी पंचांग बघा आन सांगा. माज्या लेकीची तिथी कंची?"

मी पंचांग उघडले. ते उघडायची काहीच गरज नव्हती. सिद्धू हात जोडून उभा होता, आणि रस्त्यापलीकडे वडाखाली पांढरी गाडी उभी होती. आत कोणी होते की नाही ते काचेमुळे दिसत नव्हते.

मी म्हणालो, "एकादशी."

"नक्की?"

"नक्की."

म्हातारीने पायरीवर डोके टेकले. "तुमी सांगिटलं म्हंजे झालं. आता मनात काय न्हाई." सिद्धूने भंडारा माझ्या कपाळाला लावला. ती दोघे निघून गेली.

ऋजुता, ती सरकारी कागदावर विश्वास नाही म्हणून माझ्याकडे आली होती, आणि मी तिला तोच कागद वाचून दाखवला. तू ज्यांच्याशी भांडतेस त्यांनी नोंदवही बुडवली, सह्या केल्या. परंतु आईने लेकीला पाणी कोणत्या दिवशी द्यावे, यात त्यांनी हात घातला नव्हता. तेवढे एक उरले होते. ते मी केले.

मी तो भंडारा दिवसभर पुसला नाही. संध्येला बसलो तेव्हा चोवीसांपैकी एकही नाव आले नाही. तुझ्या आईने मागे येऊन विचारले, "काय झालं?" मी सांगितले. ती माझ्या समोर बसली आणि म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या पितरांना वेळेवर जेवू घातलंत. एका पोरीचं पान चार दिवस उशिरा मांडणार तुम्ही? तिनं तितके दिवस कोणाच्या दारात बसायचं?"

"आणि ऋजुताचे काय?" मी म्हणालो. "तो सव्वादहा म्हणाला."

"ऋजुता त्या रस्त्यानं जाते ते कोणासाठी? तुम्ही गप्प बसलात तरी ती जाणारच आहे. मग निदान एकटी तरी जाऊ नये."

आज सकाळी नानासो आला. सायकल टेकवली, पण टपाल काढले नाही. पायाने पायरीवरची माती ढकलत राहिला.

"बुवा, एक सांगू? कार्ड वाचायचं नसतंय. पर उघडं असलं की डोळं जात्यात. तुमचं ते सदतिसावं म्या वाचलंय. मंगल, आन अष्टमी."

"मग कोणाला सांगितलेस?"

"कुनाला न्हाई. मला कोन इचारतंय? इचारलं तर सांगीन. दादांच्या घरात चौघांनी वाचलंय, त्यातलीबी एखादी सांगंल. एकटा पुढं झाला की मानूस भितंय बगा, दुसरं झालं की जरा कमी." मग पिशवीतून एक गठ्ठा काढून त्याने ओसरीवर ठेवला. "तुमची कार्डं संपल्याली असतील. चाळीस आनल्यात. न्हाई म्हनला तर माघारी नेतो."

मी त्या कोऱ्या गठ्ठ्याकडे पाहिले. नोंदवही एक होती, ती बुडाली. माझी वही एक होती, ती मी दिली. जे चाळीस गावांत चाळीस ओसऱ्यांवर मोठ्याने वाचले जाईल, ते कोणत्या अतिवृष्टीत भिजणार? मला नावे पाठ आहेत. लालासाहेब विसरायला सांगून गेला, पण बुद्धीने अजून ते मानलेले नाही.

मी नानासोला म्हणालो, "ठेव."

आतापर्यंत छत्तीस लिहिली. प्रत्येक यजमानाला एकच मजकूर: मंगलची खरी तिथी, आणि ती मला कोणी सांगितली. तुझ्या आईने मनगटाखाली उशी दिली. अजून वडाखाली गाडी आहे. मी अजून भितो आहे, आणि तुला हे स्पष्ट सांगतो: माझी भीती कमी झाल्यामुळे मी हे करीत नाही. रंगुबाईच्या डोक्याचा ठसा त्या पायरीवर दिसतो, आणि मला त्या पायरीवरून घरात येता येत नाही.

गुरुवारी साताऱ्यास जाणार. सकाळी आधी सिद्धू-रंगुबाईंकडे. आईचा डोळा आठवडाभर थांबेल, ती म्हणते. तू साताऱ्याच्या स्थानकावर ये. हेल्मेट घालून ये.

तुझा बाबा

(उघडे कार्ड)

मार्गशीर्ष वद्य सप्तमी, दुपारपासून अष्टमी. गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

चि. ऋजुता हिस, आणि हे कार्ड ज्या ज्या हातांतून जाईल त्या सर्वांस.

कै. मंगल, सिद्धू व रंगुबाई यांची कन्या, हिची तिथी मार्गशीर्ष वद्य अष्टमी, रविवार, दिवेलागण. एकादशी नव्हे. ही तिथी पौष शुद्ध एकादशीस संगमावर नारायणबळीच्या संकल्पात श्री. वीरधवलदादा यांनी स्वतःच्या मुखाने मला सांगितली. मी ती वर्षभर लपवली, कन्येशी असत्य बोललो, आणि सोमवारी तिच्या आईशीही. हे माझे पाप मी येथे मान्य करतो.

आज सकाळी रंगुबाईंना खरी तिथी सांगितली. त्या म्हणाल्या, "मला ठावंच हुतं वो. तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं." मग सिद्धूने त्यांना उठवले आणि त्याही निघाल्या. आता एस.टी.त आम्ही पाच जण आहोत. पाचवा नानासो, रजा टाकून आला आहे. तुझी आई खिडकीशी बसून एका डोळ्याने मागची गाडी पाहते आहे आणि ती किती अंतरावर आहे ते मला सांगते आहे. मी तिला सांगू नकोस म्हणालो. ती ऐकत नाही.

दुपारी अष्टमी लागेल. तोवर साताऱ्यात मी जे सांगायचे ते सांगितले असेन, आणि नंतर नदीवर मंगलला पाणी देऊ. आम्ही पोहोचलो नाही, तर पाणी तू दे. गोत्र काश्यप नको, तिच्या आईचे नाव घे.

हे कार्ड वाहणारा, गावागणिक लावणारा, वाटणारा, चोरून वाचणारा आणि वाचून दुसऱ्यास सांगणारा, अशा प्रत्येकाच्या घरी दिवा वेळेवर लागो, त्याच्या माणसांच्या तिथी त्याला खऱ्या कळोत, आणि खरे बोलण्याची पाळी येईल तेव्हा त्याच्या शेजारच्या बाकावर कोणीतरी बसलेले असो.

दामोदरशास्त्री